पुण्याच्या सवाई महोत्सवात स्टॉल घ्यायचाय? आधी एकदा तिकीट काढून ऐकायला जा



मेळावे, यात्रा आणि प्रदर्शनातल्या स्टॉलवर आपण मागे व्हिडिओ केला होता. त्यानंतर एका ताईंचा फोन आला. घरी ज्वारीचे पापड, मुगवड्या आणि चिवडा करतात. पहिलाच प्रश्न, "सर, पुण्यात गाण्याच्या मोठ्या कार्यक्रमात स्टॉल भेटू शकते म्हणतात. घेऊ काय?"

मी विचारलं, "ताई, तुम्ही असा कार्यक्रम कधी पाहिला आहे का?"

"नाही ना जी. टीव्हीवर पाह्यला."

आजचा लेख त्या ताईंसाठी आहे, आणि बोरी अरब, दारव्हा, यवतमाळ भागातल्या अशा प्रत्येकासाठी, ज्याला मोठ्या शहरातल्या महोत्सवात माल विकायचा आहे पण तिथं श्रोता म्हणून कधी पाय ठेवलेला नाही. माझं उत्तर आधीच सांगतो. पहिल्या वर्षी स्टॉल घेऊ नका. पहिल्या वर्षी तिकीट काढा, सतरंजीवर बसा आणि ऐका. का, ते पुढे हिशोबासकट सांगतो.

आधी माझी चूक

काही वर्षांपूर्वी मी एका मोठ्या शहरातल्या मैदानावरच्या संगीत कार्यक्रमात स्टॉल घेतला होता. नाव सांगत नाही, कारण चूक आयोजकांची नव्हती, माझी होती. चार रात्रींचं भाडं १६ हजार. येणं-जाणं, राहणं, जेवण मिळून ९ हजार. एकूण २५ हजार. यातले १५ हजार माझ्या वहिनीच्या बचत गटाचे होते.

मी ६०० पाकिटं घेऊन गेलो. त्यात अर्धे कच्चे पापड. आता तुम्हीच सांगा, रात्री साडेआठला गाणं ऐकायला आलेला माणूस कच्चा पापड घेऊन काय करणार? हे मला घरी बसून सुचलं नाही. तिथं उभं राहिल्यावर पहिल्या अर्ध्या तासात कळलं, पण तोपर्यंत भाडं भरून झालं होतं.

चार रात्रींत १४० पाकिटं गेली. पाकिटामागे ३० रुपये सुटायचे, म्हणजे ४,२०० रुपये. २५ हजारांतून ते वजा करा. २०,८०० रुपये खड्ड्यात. उरलेला चिवडा परत येईपर्यंत मऊ पडला, तो वेगळाच. बचत गटाचे पैसे फेडायला मला दहा महिने लागले. वहिनी एका शब्दानं बोलल्या नाहीत. गटाच्या बैठकीत मात्र दर महिन्याला माझं नाव वाचलं जायचं आणि त्या मान खाली घालून बसायच्या. ते मला २० हजारांपेक्षा जास्त लागलं.

आणि गंमत पाहा, चार रात्री मी तिथं होतो, पण एकही गाणं नीट ऐकलं नाही. समोर बसलेली माणसं कशासाठी आली आहेत हेच मला माहीत नव्हतं. गिऱ्हाईक कशासाठी आलं आहे हे माहीत नसेल, तर त्याला काय विकायचं हे कसं कळणार?

सवाई म्हणजे नेमकं काय?

आता ज्या महोत्सवाबद्दल ताईंनी विचारलं, तो समजून घेऊ. पूर्ण नाव "सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव". पुणेकर नुसतं "सवाई" म्हणतात.

सवाई गंधर्व म्हणजे किराणा घराण्याचे मोठे गायक रामभाऊ कुंदगोळकर. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे ते शिष्य. पंडित भीमसेन जोशी हे त्यांचे शिष्य. भीमसेनजी लहानपणी गुरूच्या शोधात गदगच्या घरातून पळून गेले, काही वर्षं भटकले आणि शेवटी घराजवळच्याच कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे शिकले. १९५२ मध्ये गुरू गेले. १९५३ मध्ये शिष्यानं त्यांच्या स्मृतीसाठी पुण्यात हा महोत्सव सुरू केला. आर्य संगीत प्रसारक मंडळ तो भरवतं.

पुढे अनेक वर्षं महोत्सवाचा शेवट स्वतः भीमसेनजींच्या गाण्यानं व्हायचा. त्यांच्यानंतर तो मान प्रभाताई अत्रे यांच्याकडे आला. भीमसेनजी २०११ मध्ये गेले, प्रभाताई २०२४ मध्ये. तरी महोत्सव चालू आहे. कोरोनामुळे २०२० आणि २०२१ मध्ये खंड पडला, पण २०२२ मध्ये लोक पुन्हा आले.

धंद्याच्या नजरेनं यात एक गोष्ट लक्षात घ्या. इथं येणारे बरेच लोक वर्षानुवर्षं येणारे आहेत. आईवडिलांचं बोट धरून आलेली मुलं आज स्वतःच्या मुलांना घेऊन येतात. यात्रेत गिऱ्हाईक एकदा भेटतं आणि जातं. इथलं गिऱ्हाईक पुढच्या वर्षी परत त्याच मैदानावर येणार आहे. माल चांगला निघाला तर आठवण ठेवील, खराब निघाला तरीही ठेवील.

कधी, कुठे, कसं जायचं?

महोत्सव डिसेंबरमध्ये असतो. अलीकडे पाच दिवस, बुधवार ते रविवार. पूर्वी तो रमणबाग शाळेच्या मैदानावर भरायचा. २०१८ पासून मुकुंदनगरला, महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर भरतो. जुने लोक रमणबागच सांगतील, गोंधळू नका.

पूर्वी इथलं गाणं रात्रभर चालायचं. आता ध्वनिप्रदूषणाच्या नियमांमुळे रात्री १० ला थांबावं लागतं. वर्षातल्या ठरावीक दिवशी सरकार १२ पर्यंत सूट देतं, त्यामुळे एखाद्या दिवशी, बहुतेक शनिवारी, मध्यरात्रीपर्यंत कार्यक्रम असतो. म्हणून आता तो दुपारीच सुरू होतो. जेवण कधी करायचं, चहा कधी घ्यायचा, सगळं या वेळेवर ठरतं. तुमची विक्रीसुद्धा.

आपल्याकडून जायचे दोन मार्ग. एक, यवतमाळवरून रात्रीची ट्रॅव्हल्स. सकाळी ती नगर रोडनं पुण्यात शिरते. दुसरा, रेल्वे. आपल्या भागातली शकुंतला तर आता धावत नाही, त्यामुळे धामणगाव, बडनेरा किंवा मूर्तिजापूर गाठावं लागतं. तिथून महाराष्ट्र एक्स्प्रेस थेट पुण्याला जाते. मूर्तिजापूर लागलं की आठवण ठेवा, पंडित वसंतराव देशपांडे मूळचे तिथले. "कट्यार काळजात घुसली" मधले खाँसाहेब. म्हणजे हे गाणं फक्त पुण्याचं आहे आणि आपलं नाही, असं मनात आणू नका.

पुण्यात आता मेट्रो आहे. पुणे स्टेशनवरून बसा, जिल्हा न्यायालय स्थानकात गाडी बदला आणि स्वारगेटला उतरा. तिथून मुकुंदनगर जवळ आहे, रिक्षानं जाता येतं. ट्रॅव्हल्सनं गेलात तर नगर रोडवर रामवाडीला मेट्रो मिळते, तीही जिल्हा न्यायालयाला येते.

राहण्याचं म्हणाल तर आपल्या प्रत्येक गावातलं कुणी ना कुणी पुण्यात शिकायला किंवा नोकरीला आहे. आठ दिवस आधी फोन करा. ऐन वेळी दारात उभे राहू नका.

कोणते दिवस निवडायचे?

इथं बहुतेक जण चुकतात. म्हणतात, शनिवार-रविवार जाऊ, गर्दी पाहू. पण स्टॉलचं भाडं तर पाचही दिवसांचं भरावं लागेल ना? शनिवारची गर्दी पाहून तिला पाचनं गुणलं की हिशोब फसला.

म्हणून शुक्रवार आणि शनिवार निवडा. गुरुवारी रात्री निघा. शुक्रवारी कामाच्या दिवसाची गर्दी पाहा, शनिवारी सुट्टीची. रविवारी संध्याकाळच्या गाडीत बसा, सोमवारी सकाळी आपलं दुकान उघडा.

तिकिटं दोन प्रकारची असतात, पूर्ण महोत्सवाचं आणि एका दिवसाचं. बसायला खुर्ची आणि भारतीय बैठक असे पर्याय असतात. भारतीय बैठक म्हणजे खाली बसणं, ती स्वस्त पडते. तुम्ही तीच घ्या. पैसे वाचतात हे एक कारण. दुसरं म्हणजे तिथं शेजारचा माणूस बोलतो. खुर्चीवाला खुर्चीत बसतो, सतरंजीवरचा माणूस थोडं सरकून जागा देतो आणि विचारतो, "कुठून आलात?"

दर आणि तारखा दरवर्षी बदलतात, म्हणून इथं लिहीत नाही. नोव्हेंबरपासून वर्तमानपत्रावर आणि आयोजकांच्या घोषणेवर लक्ष ठेवा. आत काय नेता येतं, काय नाही, तेही तिकीट काढतानाच वाचून घ्या.

सोबत काय न्यायचं?

- शाल किंवा स्वेटर, आणि कानाला रुमाल. मांडव असला तरी मैदान ते मैदानच. डिसेंबरच्या रात्री खालून गारवा चढतो.
- बसायला छोटी चटई किंवा घडीची चादर. दोन-तीन तास मांडी घातल्यावर तिची किंमत कळते.
- थोडी रोख रक्कम. हजारो लोक एका जागी आले की मोबाइलला रेंज असून नेट चालत नाही. ऑनलाइन पैसे अडकतात.
- छोटी वही आणि पेन. मोबाइलवर टिपायला गेलात तर स्क्रीनचा उजेड मागच्याच्या डोळ्यात जातो.
- चार्ज केलेला फोन, पण सायलेंटवर. आठवणीनं.

आत बसल्यावर कसं वागायचं?

घाबरू नका. राग ओळखता आलाच पाहिजे असं काही नाही. शेजारच्या दहा माणसांतल्या कितीकांना येतो हे त्यांनाच विचारा, बरेच जण हसतील.

साधी ओळख देतो. ख्याल गायनात गायक सुरुवातीला अगदी सावकाश गातो, त्याला विलंबित म्हणतात. तबल्याचा एक फेरा फार मोठा असतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, काही घडतच नाहीये. थांबा. तबल्याच्या फेऱ्याची पहिली मात्रा म्हणजे सम. गायक कितीही दूर फिरून आला तरी समेवर येतो, आणि त्या क्षणी सगळ्या मांडवाची मान एकदम हलते. ती मान हललेली एकदा पाहा, तुमचीही हलायला लागेल. पुढे लय वाढते, त्याला द्रुत म्हणतात. मग तुम्हाला कुणी काही समजावून सांगायची गरज पडत नाही.

तीन नियम पाळा. गाणं चालू असताना उठू नका. उठायचंच असेल तर एक रचना संपून टाळ्या पडतात तेव्हा उठा. रेकॉर्डिंग करू नका. आणि बोलू नका, कुजबुजसुद्धा नको.

आता ह्यातून धंद्याचं काय निघतं ते पाहा. गाणं चालू असताना कुणी उठत नाही. कुणी प्लास्टिकचं पाकीट कुरकुर वाजवत फोडत नाही. म्हणजे चिवड्याचं पाकीट तिथं बसून खाल्लं जाणारच नाही! ते एकतर मध्यंतरात मांडवाबाहेर खाल्लं जाईल, किंवा घरी नेलं जाईल. घरी न्यायचं असेल तर पाकीट पिशवीत चुरा न होणारं हवं, तारीख स्पष्ट हवी, आणि पुन्हा मागवायला फोन नंबर हवा. ही एवढी गोष्ट मला त्या वेळी कुणी सांगितली असती, तर माझी निम्मी पाकिटं गेली असती.

आता हिशोब

आकडे मी समजायला धरतो आहे. तुम्ही तुमचे घाला.

पाच दिवसांचं भाडं समजा २५ हजार. दोन माणसांचं येणं-जाणं, राहणं, जेवण १२ हजार. पॅकिंग, फलक, पिशव्या ३ हजार. एकूण ४० हजार.

पाकीट १०० रुपयांना. माल, गॅस, मजुरी धरून खर्च ६०. सुटतात ४० रुपये. म्हणजे नुसतं बरोबरीत यायला १,००० पाकिटं विकावी लागतील. दिवसाला २००.

"२०० पाकिटं? हजारो लोक असतात, सहज जातील!" असं मन म्हणतं. माझंही म्हणालं होतं.

पण लोक तुमच्यासमोर येतात कधी? एक कलाकार उठतो आणि दुसरा येऊन वाद्यं लावतो, त्या मधल्या वेळात. समजा दिवसाला असे चार मधले वेळ मिळाले, प्रत्येकी २० मिनिटं. २०० भागिले ४, म्हणजे प्रत्येक वेळेत ५० पाकिटं. २० मिनिटांत ५० म्हणजे मिनिटाला अडीच. स्टॉलवर दोघं असाल तर प्रत्येकाला एका गिऱ्हाइकामागे ४८ सेकंद. तेवढ्यात त्यानं विचारायचं, चव पाहायची, पैसे द्यायचे. नेट अडकलं आणि एकाच गिऱ्हाइकात तीन मिनिटं गेली, की त्या मधल्या वेळेचं गणित तिथंच बिघडलं.

आणि त्याच २० मिनिटांत त्याला चहा घ्यायचा आहे, प्रसाधनगृहात जायचं आहे आणि ओळखीच्या माणसाला भेटायचं आहे. तुम्ही चौथ्या नंबरवर.

आता तिकीट काढून जाण्याचा खर्च पाहा. भाडं, तिकीट, जेवण धरून एका माणसाचे समजा ४ हजार. ४० हजार अडकवायचे की नाही, याचं उत्तर ४ हजारांत मिळतं. वर गाणं ऐकायला मिळतं.

वहीत काय टिपायचं?

१. मधला वेळ किती मिनिटांचा होता? प्रत्येक वेळी घड्याळ पाहून लिहा.
२. कोणत्या स्टॉलपुढे रांग आहे आणि तिथं एका गिऱ्हाइकाला किती सेकंद लागतात?
३. लोकांच्या हातात काय दिसतं? गरम पदार्थ, पुस्तकं, पिशवीत बांधून नेलेला माल?
४. दारापासून मांडवापर्यंत लोक कोणत्या वाटेनं चालतात? त्या वाटेवर नसलेल्या स्टॉलवर किती माणसं आहेत?
५. शुक्रवार आणि शनिवार यांत फरक किती?
६. घरी जाताना लोक थांबतात की पार्किंगकडे पळतात?

शेजाऱ्याशी ओळख झाली तर एकच प्रश्न विचारा, "इथून घरी जाताना तुम्ही काही घेऊन जाता का?" मग गप्प बसून ऐका. आपला माल विकायला लागू नका.

आणि यातली एक तरी मैफल वही बंद करून ऐका. हे मी मनापासून सांगतो. सहा प्रश्नांची उत्तरं टिपता टिपता मी पहिल्या वेळी केलेली चूकच पुन्हा करू नका.

पुण्याला जाणं जमणारच नसेल तर?

नागपूर जवळ आहे. तिथं ईश्वर देशमुख महाविद्यालयाच्या मैदानावर खासदार सांस्कृतिक महोत्सव होतो. श्रोते वेगळे, कार्यक्रम वेगळे, पण मोठ्या मैदानावरची गर्दी कशी येते, कशी जाते, हे तिथंही शिकता येतं. तरुणांच्या पाश्चात्त्य संगीताच्या महोत्सवांत पुन्हा वेगळं गणित असतं. तिथं लोक उभ्यानं ऐकतात, ऐकता ऐकता खातात, आणि बऱ्याच ठिकाणी पैसे मनगटावरच्या पट्ट्यातून कापले जातात. म्हणून एका महोत्सवात चाललेला माल दुसऱ्यात चालेलच असं धरून चालू नका. प्रत्येक ठिकाणी आधी एकदा श्रोता व्हा.

परत आल्यावर

वही उघडा. तीनपैकी एक उत्तर निघेल.

पहिलं, माल बरोबर आहे, पाकीट बदलायला हवं. मग वर्षभर हातात आहे. दुसरं, माल तिथला नाही. मग ४ हजारांत ३६ हजार वाचले समजा. तिसरं, स्टॉल घ्यावा, पण एकट्यानं नाही. दोन-तीन गटांनी मिळून घ्यावा, म्हणजे भाडं वाटलं जाईल आणि स्टॉलवर हातही वाढतील. तसं ठरलं तर एफएसएसएआय नोंदणी, पाकिटावरची लेबलं आणि आयोजकांच्या अटी यांचं काम सहा महिने आधी सुरू करा.

त्या ताईंना मी हेच सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे सर, नुसतं गाणं ऐकाले पुण्याला जाऊ? घरचे काय म्हणतील?"

मी म्हटलं, घरच्यांना सांगा, बाजार पाहायला चालली. खोटं नाही ते. आणि रात्री मांडवात बसल्यावर घटकाभर बाजार विसरलात, तर ते कुणाला सांगायची गरज नाही.

या आठवड्याचा गृहपाठ: वरचा हिशोब तुमच्या मालाचे आकडे घालून करा. बरोबरीत यायला किती पाकिटं लागतात आणि मिनिटाला किती विकावी लागतात, ते कमेंटमध्ये लिहा. ज्यांचे आकडे अडतील, त्यांचे पुढच्या व्हिडिओत फळ्यावर सोडवू.

भेटू या. तोपर्यंत हिशोब लिहीत राहा.